मर्विनने काढायला घेतलेली खोली

मर्विन हॅस्केटला बोलता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कचऱ्याचा डबा कुणी कुणाच्या दारात ढकलला, यावर तो शेजारच्या आयरिसशी अर्धा अर्धा तास बोले. शनिवारी पबात फुटबॉलवरून इतका तावातावाने बोले की समोरची बियर तशीच राहून जाई. पण मनातलं काही सांगायची पाळी आली, की हा माणूस मूग गिळून उठायचा आणि हत्यारांची पेटी काढायचा. पोर्ट्समथच्या गोदीत सुतारकाम करण्यात उभा जन्म गेला त्याचा. जे काय सांगायचं ते लाकडात सांगायचं, असा एकूण खाक्या.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल, बायकोशी, डोरीनशी, त्याचं कडाक्याचं भांडण झालं. चूक सोळा आणे त्याची. 'चुकलो' हा शब्द काही त्याच्या तोंडातून बाहेर पडला नाही, पण जिन्याखालच्या अडचणीत त्याने तिच्यासाठी फळ्याफळ्यांचं सुरेख कपाट करून दिलं. डोरीनने ते उघडून पाहिलं, त्यात जॅमच्या बरण्या मांडल्या आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. मिटलं भांडण. तिची आई गेली तेव्हाही त्याने तिला जवळ घेतलं नाही, मागच्या अंगणात बाक केला. ती त्या बाकावर बसून रडली आणि हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिला. डोरीनला त्याची ही भाषा वाचता यायची. अशी बायको मिळायला नशीब लागतं, यात वादच नाही. पण त्याचा एक तोटा झाला. दुसरी भाषा शिकायची गरजच मर्विनला कधी पडली नाही.

त्यांना मूल उशिरा झालं. आधीची दोन पोटातच गेली होती, आणि त्याबद्दलही घरात कुणी कधी बोललं नाही. मग केरी झाली. ती पाळण्यातून पलंगावर जाण्याएवढी झाली तेव्हा वरच्या मजल्यावरची मागची खोली तिला द्यायचं ठरलं. पण त्या खोलीत शेजारच्या भिंतीला लागून चिमणीचा जाडजूड भाग पुढे आलेला. इथल्या सगळ्याच जुन्या घरांत तो असतो. एका ओळीत चिकटून उभी असलेली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली लाल विटांची घरं ती. खाली भिंतीत शेगडी, वर भिंतीत शेगडी, आणि दोन घरांत मिळून छपरावर एक धुराडं. आता वरच्या खोल्यांत विस्तव कोण पेटवतो? तो विटांचा ढिगारा नुसताच जागा अडवून बसलेला. पलंग इकडे लावला तर दार उघडत नाही, तिकडे लावला तर खिडकी झाकते. मर्विनने शनिवार-रविवारी हातोडा घेतला आणि जमिनीपासून छतापर्यंत सगळा भाग पाडून टाकला. विटा बादल्यांनी खाली नेल्या, भिंत गुळगुळीत गिलावा करून घेतली. लेकीवर जीव किती आहे हे त्याला सांगायचं होतं, ते त्याने असं सांगितलं.

त्या वर्षांत अख्ख्या गल्लीने हेच केलं. घरं सगळी एकाच साच्यातली, त्यामुळे एकाने पबात सांगितलं की बाकीच्यांचे हात शिवशिवायला लागत. स्वतःच्या घरातली भिंत पाडायला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी घ्यायची असते, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आणि खालची चिमणी काढल्यावर वरची, माळ्यातली, कशावर उभी राहणार? त्याचाही विचार मर्विनने आपल्या परीने केला होता. गोदीतून दोन जाडजूड ओंडके आणून त्याने ते तिच्याखाली आडवे दिले. जहाज तोलतील हे, असं तो डोरीनला म्हणाला होता. मग छताला गिलावा केला आणि विसरून गेला.

केरी त्या खोलीत वाढली, नर्स झाली, लग्न करून गेली, आणि लग्न मोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला लागली. पदरात एक मुलगी, टिली, सात वर्षांची. डोरीन मधल्या काळात कॅन्सरने गेली. शुक्रवारी केरीला हॉस्पिटलात रात्रपाळी असायची, म्हणून टिली शुक्रवारी आजोबांकडे झोपायला यायची, त्याच मागच्या खोलीत, आईच्याच पलंगावर. मर्विनचा आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा आणि रविवारचं जेवण आटोपून दोघी गेल्या की संपायचा. मधले दिवस तो नुसते ढकलायचा. हे अर्थात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी जेवताना केरी ताटाकडे बघत म्हणाली की तिच्या वॉर्डातली एक मैत्रीण ऑस्ट्रेलियात, पर्थला गेली, तिकडे नर्सेस हव्या आहेत, आणि तिनेही अर्ज टाकलाय. सहज. बघू तरी काय होतं ते.

 मर्विनने काट्याला लावलेला बटाटा परत ताटात ठेवला. त्याने ग्रेव्हीचं भांडं मागितलं, आणि टिलीला विचारलं की शाळेत सध्या काय शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न पिता तो शिडी लावून माळ्यावर चढला. टेप घेतली, आढ्यापासून खाली माप घेतलं. माणूस उभा राहील एवढी उंची होती, जेमतेम का होईना, पण होती. या गल्लीतल्या निम्म्या घरांना ती नाही. मर्विनला तो शकुनच वाटला. माळ्यावर खोली काढायची. मागच्या बाजूने छपरातून खिडकी बाहेर काढायची, कोपऱ्यात न्हाणीघर, जिन्यावर जिना. केरी आणि टिली वर राहतील, भाडं नाही, घरमालकाची कटकट नाही, रात्रपाळीला पोरीला कुठे ठेवायची हा घोर नाही. मग कशाला कोण मरायला पर्थला जातंय? असे मनात मांडे खात तो आठवडाभर पेन्सिल घेऊन बसला आणि रविवारी जेवणानंतर नकाशा टेबलावर पसरला.

केरी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे, डॅड."

इथल्या माणसांच्या भिडेला काय म्हणावं! सूप खारट झालं तरी छान, भेट आवडली नाही तरी छान, आणि बापाने आपल्याला बांधून ठेवायला छप्पर फोडायला काढलं तरी छान. केरीने तेव्हाच सांगायला हवं होतं की डॅड, थांब, माझं अजून काही ठरलं नाहीये. तिने सांगितलं नाही. उलट त्याने विचारलं की खिडकी इकडे हवी की तिकडे, तर तिने बोट ठेवून जागा दाखवली. टिलीने आपला पलंग खिडकीखाली हवा म्हणून जाहीर करून टाकलं. मर्विनने खिडकीच्या जागी इतकी ठसठशीत रेघ मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याच्या लेखी उत्तर मिळालं होतं.

पुढचा महिना तो वेगळाच माणूस झाला. दाढी रोज करायचा. बॅरी नावाचा बिल्डर ठरवला, त्याच्याबरोबर कौलं, वासे, जिन्याची पायरी किती रुंद असावी यावर वाद घातले. बॅरी म्हणाला की मर्व्ह, नव्या जमिनीचं वजन पेलायला तुळया लागतील, त्याचा हिशेब इंजिनिअरकडून करून घेतल्याशिवाय कौन्सिल हात लावू देणार नाही. म्हणून मग इंजिनिअरबाई आल्या. तरुण होत्या, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून घरात शिरल्या, म्हणून मर्विनला आवडल्या. तो शुक्रवार होता.

बाई बॅटरी घेऊन माळ्यावर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्याच नाहीत. मर्विनने केलेला चहा निवला. मग त्या उतरल्या, मागच्या खोलीत गेल्या, भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि छताकडे बघितलं.

"इथली चिमणी कुठे गेली, मिस्टर हॅस्केट?"

"काढली. मीच काढली, या हातांनी," मर्विन म्हणाला. त्याला अभिमानच वाटत होता. "एक वीट फुकट घालवली नाही. अंगणातली पायवाट बघा, त्याच विटांची आहे."

बाईंनी पायवाट बघितली नाही. त्या त्याला वर घेऊन गेल्या आणि बॅटरीचा झोत टाकला. दोन ओंडक्यांपैकी एक लांबीभर तडकला होता. दुसरा मधोमध वाकून खाली गेला होता, आणि त्याच्या नि विटांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. वर चिमणीचा तो अख्खा मनोरा, आयरिसच्या भिंतीला नुसता बिलगून. मर्विनने त्या फटीत स्वतः बोट घालून पाहिलं. सुतार माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आता ती कशाच्या आधाराने उभी आहे, ते मला खरंच सांगता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "खाली कुणी झोपतं का?"

खाली टिलीचा पायजमा उशीवर घडी घालून ठेवलेला होता. तो मर्विननेच सकाळी इस्त्री करून ठेवला होता.

आजपासून कुणी झोपायचं नाही, बाईंनी सांगितलं. उद्याच्या उद्या लोखंडी टेकू लावून घ्या, आणि चिमणीखाली पक्की लोखंडी तुळई बसेपर्यंत खोली बंद. पुढेमागे माळ्यावर खोली करता येईलही, नाही असं नाही, पण आधी हे. मर्विन मान डोलवत राहिला. बाई गेल्यावर तो त्या पलंगावर बसला, मग दचकून उठला, आणि पलंग ओढून त्याने एकट्याने जिन्याच्या तोंडाशी आणला.

संध्याकाळी केरी टिलीला सोडायला आली ती कामावरचे कपडे घालूनच. पलंग जिन्याशी बघून तिने विचारलं, आणि मर्विनने सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं, बाजारात दूध मिळालं नाही असं सांगावं तसं. केरी वर गेली. खोलीच्या दारात उभी राहून छताकडे बघत राहिली. तिला गोवर आला होता तेव्हा ती इथेच पडून होती, परीक्षेची घोकंपट्टी इथेच केली, नवऱ्याला सोडून आली तेव्हा टिलीला पोटाशी धरून महिनाभर इथेच झोपली होती. वर हे लटकत होतं.

"तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मर्विनच्या जिभेवर कितीतरी आलं. पोरी, तुझा पलंग नीट लागावा म्हणून केलं गं सगळं, एवढं एक वाक्य तरी बोलायचं. त्याऐवजी तो म्हणाला की टिलीने त्याच्या खोलीत झोपावं, तो खाली सोफ्यावर आडवा होईल. केरीने मान हलवली. ती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. या छपराखाली नको, डॅड, एवढंच म्हणाली, आणि हॉस्पिटलला फोन करून त्या रात्रीची पाळी रद्द करून पोरीला घेऊन गेली. टिली जाताना विचारत होती की आजोबांनी काय केलं.

त्यानंतर टिली शुक्रवारी केरीच्या एका मैत्रिणीकडे झोपायला लागली. मैत्रिणीला तिच्याच वयाची मुलगी होती, तिकडे दोन पोरींची छान गट्टी जमली. रविवारच्या जेवणालाही मग कधी पाळी आडवी येई, कधी वाढदिवस. म्हणजे ज्या खोलीच्या जोरावर लेकीला जवळ आणायचं होतं, त्या खोलीनेच नातीलाही घराबाहेर काढलं. मर्विनला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, आणि रात्रंदिवस आतून कुरतडत होतं. पण हातपाय गाळून बसायचं त्याला ठाऊक नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीत बॅरीने लोखंडी टेकू ठोकले. जिथे पलंग होता तिथे ते चार खांब उभे, आणि मर्विन त्यांच्यातून वाट काढत पुन्हा मापं घेत बसायचा.

घोडं अडलं ते आयरिसपाशी. धुराडं दोघांचं, म्हणून तिची संमती हवी. आणि काम चालेल तितके दिवस तिला शेगडी पेटवता येणार नव्हती, तीही ऐन हिवाळ्यात. आयरिस ऐंशीच्या पुढची, विधवा, गुडघे गेलेले. सकाळी शेगडी पेटवायची आणि तिच्यासमोर बसायचं, एवढंच तिचं जगणं उरलं होतं. मर्विनने कसंबसं विचारलं. आयरिसने त्याला बसवलं, बिस्किटं पुढे केली.

"मी शाल पांघरून बसेन, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण तू पोरीला विचारलंस का? राहणार आहेस का म्हणून?"

"तिने खिडकीची जागा दाखवली."

"खिडकीची जागा मीसुद्धा दाखवली असती, मर्विन. तुझं तोंड बघून कुणीही दाखवली असती." मग तिने आवाज खाली आणला. "डोरीन नाहीये आता. ही डोरीन नव्हे. हिला तोंडाने सांगावं लागेल."

मर्विन उठला. आयरिस बोलते ते खरं आहे हे त्याला लख्ख दिसत होतं. घरी येऊन त्याने कोटही न काढता केरीला फोन लावला. विचारायचंच, असं ठरवून लावला. तिने उचलला. त्याने टिलीचा खोकला कसा आहे ते विचारलं, गाडीचं टायर बदललंस का विचारलं, आणि मग घसा खाकरून विचारलं की माळ्यावरच्या न्हाणीघरात फरशा पांढऱ्या हव्यात की बदामी.  पांढऱ्या चालतील, ती म्हणाली.

डिसेंबर लागला. कौन्सिलचा शिक्का झाला, तुळईचं माप गेलं, गाडीचा दिवस ठरला. आणि एका गुरुवारी दुपारी, कामावरून परस्पर, केरी एकटीच आली. स्वयंपाकघरात उभी राहिली. कोट काढला नाही, म्हणजे मर्विनला समजलंच. त्याने किटली चढवली आणि केरीकडे पाठ करून किटलीवर नजर लावून उभा राहिला.

केरीने सगळं सरळ सांगितलं. पर्थहून होकार आला होता. नोकरी, टिलीची शाळा, सुरुवातीला राहायला जागा, सगळं. जानेवारी संपता संपता निघावं लागेल. तिकडून उत्तर मागितलं होतं सोमवारपर्यंत, आणि तिने अजून दिलं नव्हतं. तिने तसं दोनदा सांगितलं, की अजून दिलेलं नाही.

"डॅड, इकडे बघ," ती म्हणाली. मर्विन वळला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज वॉर्डात असतो तसा शांत होता. "खोलीचं नको बोलूस. माझ्यासाठी आजवर तू खूप काही केलंस, ते मला ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे. मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी राहावं असं वाटतं का तुला? नुसतं हो किंवा नाही सांग. पुढे काय करायचं ते माझं मी बघेन."

हो. हो, पोरी. तू गेलीस तर मी या घरात नुसता श्वास घेत बसेन. शुक्रवार नसलेल्या आठवड्याचं मी काय करू, ते तूच सांग. जाऊ नकोस. सगळं तयार होतं, शब्दन् शब्द.  त्याच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरायला लागली, रंधा मारल्यावर कड चाचपावी तशी. केरी वाट बघत होती. किटली उकळून आपोआप बंद झाली तरी ती वाट बघत होती.

"तुळई मंगळवारी येतेय," मर्विन म्हणाला.

केरीने डोळे मिटले. उघडले. मग तिने नाकावरून रुमाल फिरवला आणि विचारलं, कारण माणूस काहीतरी विचारतोच, की एवढी लांब तुळई या चिंचोळ्या जिन्यातून वर कशी नेणार?

आणि मर्विन सुटला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. जिन्यातून न्यायचीच नाही, त्याने सांगितलं, मागच्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढायची, अंगणात परांची बांधायची, तुळईचे तीन तुकडे आणायचे, एकेक दोरांनी वर खेचायचा आणि आत बोल्ट मारून जोडायचे. तो हातांनी माप दाखवत होता, टेबलावर बोटाने रेघा ओढत होता. बोलता बोलताच त्याला कळत होतं की आपण हे काय करतोय, आत कुणीतरी त्याला गप्प बस, गप्प बस म्हणत होतं, पण थांबलो तर पुढे तो दुसरा प्रश्न उभा आहे हेही दिसत होतं, म्हणून तो बोल्ट कुठले वापरायचे तेही सांगायला लागला. केरी कोट घालून, हातात गाडीच्या किल्ल्या धरून, शेवटपर्यंत ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिने त्याच्या गालाचा मुका घेतला, टिलीला आणायची वेळ झाली म्हणाली, आणि दार हळूच ओढून घेतलं.

सोमवारी तिने होकार कळवला. मंगळवारी सकाळी तुळईची गाडी आली तेव्हा मर्विन जाड हातमोजे घालून रस्त्यावर उभा होता, आणि ड्रायव्हरला गाडी मागे कशी घ्यायची ते ओरडून सांगत होता.